कुबड नसलेली गाडी

गेल्या महिन्यात हिंगण्याच्या एका वाचकांनी विचारलं होतं, मारुती ८०० ची पुढची टायरं मागच्यांपेक्षा लवकर का झिजतात? उत्तर साधं होतं. त्या गाडीत ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचा बहुतेक भार सोसायचा, ही तिन्ही कामं पुढच्याच चाकांकडे असतात. उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेलो, की माझी स्वतःची पहिली पुढून ओढणारी गाडी सात लिटरची होती. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या सगळ्या उत्तरांवर मिळून वर्षभरात आली नसतील. म्हणून या महिन्यात पंक्चर, पियूसी, अॅव्हरेज सगळं बाजूला ठेवलंय. एक प्रश्न तेवढा रोजच्या कामाचा घेतला आहे, तो का घेतला ते तिथे कळेल.

प्रश्न : “सात लिटर” ही छपाईची चूक आहे ना? ०.७ लिटर म्हणायचं होतं का? (एक वाचक, प्रतापनगर)

चूक नाही. गाडीचं नाव ऑल्ड्समोबाइल टोरोनाडो, मॉडेल १९६६. इंजिन ४२५ घनइंचांचं, म्हणजे ६९६५ सीसी. मारुती ८०० चं ७९६ सीसी. भागून पाहा, बरोबर पावणेनऊ पट येतं. आठ सिलिंडर, कंपनीच्या त्या वेळच्या मोजमापानं ३८५ हॉर्सपॉवर, लांबी साडेसतरा फूट, वजन दोन टनांच्या वर. आणि एवढं सगळं ओढायचं पुढच्या दोन चाकांनी.

मी १९६९ साली इथे नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, मेकॅनिकल झालो आणि १९७१ मध्ये पुढे शिकायला मिशिगनमधल्या ईस्ट लॅन्सिंगला गेलो. शेजारचं लॅन्सिंग हे ऑल्ड्समोबाइलचं माहेर. कारखाना तिथेच, त्यामुळे गल्लीत दर चौथ्या घरी कोणी ना कोणी तिथे कामाला. आमच्या घरमालकीणबाई विधवा होत्या. यजमानांची टोरोनाडो दोन वर्षं गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी. बाईंना ती चालवायची भीती वाटे आणि विकायचं मनात येत नसे. १९७२ मध्ये त्यांनी मला ती ९०० डॉलरला दिली, हप्त्यांनी, वर अशी अट की पुढचे दोन हिवाळे त्यांच्या दारातलं बर्फ मी उपसायचं. डॉलर वर्षभरात फिटले. बर्फ मी चार हिवाळे उपसत होतो, कारण दोन पूर्ण झाले हे बाईंना सांगायचं धाडस मला झालं नाही.

प्रश्न : पुढून ओढणाऱ्या गाडीचं इंजिन आडवं असतं असं आम्ही शिकलो. आठ सिलिंडरचं इंजिन आडवं मावेल कसं? (डिप्लोमाचा विद्यार्थी, वर्धा)

मावतच नाही, म्हणून त्यांनी ते आडवं ठेवलं नाही. आता जरा सावकाश वाचा. हाच भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे मी लांबण लावणार.

मागून ढकलणाऱ्या गाडीत क्रम असा : इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट, मग मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारी गिअरची पेटी. सगळी वरात एका रांगेत. टोरोनाडोत इंजिन उभंच, लांबीच्या दिशेनं. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी जो टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो इंजिनच्या मागे जागच्या जागी. गिअरबॉक्स मात्र तिथून सोडवून, तोंड उलटं फिरवून, इंजिनच्या डाव्या कुशीला झोपवला. रेल्वेच्या बाकावर जागा नसली की आपण पाय पोटाशी घेऊन बसतो, तसं. मग त्याचं पुढचं टोक आपोआप पुढच्या चाकांपाशी आलं आणि डिफरन्शियल तिथेच जोडला. राहिला प्रश्न एकच : मागे टॉर्क कन्व्हर्टर आणि शेजारी गिअरबॉक्स, या दोघांची गाठ कशी घालायची? गिअर लावले तर आवाज होणार. पट्टा लावला तर सात लिटरपुढे तो किती टिकणार?

त्यांनी साखळी लावली. सुमारे दोन इंच रुंद, पोलादी पट्ट्या एकमेकींत गुंफलेली. कारखान्यातच ती आधी ताणून घ्यायचे, म्हणजे पुढे सैल पडायला नको. त्यामुळे तिला ताण द्यायची वेगळी चाकी नाही, स्प्रिंग नाही. माझ्या गाडीत ती सात वर्षं फिरली आणि मला तिचा आवाज म्हणून कधी ऐकू आला नाही. सायकलची साखळी दर दोन महिन्यांनी उतरते हा अनुभव घेऊन मी नागपूरच्या महाल भागातून तिकडे गेलो होतो. पहिलं वर्षभर तरी मी गाडी सुरू करताना कान देऊन बसायचो.

आणि हे सगळं कशासाठी? तर शाफ्ट मागे जात नाही, म्हणून गाडीच्या पोटात मधे कुबड नाही. पायाखालचा तळ या दारापासून त्या दारापर्यंत सपाट. कंपनीच्या जाहिरातींत ताकदीच्या गप्पा असायच्या. मला विचाराल तर त्या गाडीचं खरं ऐश्वर्य तो सपाट तळ होता.

प्रश्न : तुमच्या उत्तरांत गाडी असते, माणसं नसतात. त्या गाडीत बसणाऱ्या बायकामाणसांना काय वाटायचं तेही लिहा की कधी. (एक वाचक, लक्ष्मीनगर)

लिहितो. टोला मान्य आहे.

आमचं लग्न १९७३ मध्ये नागपुरातच झालं. सौ. तिकडे आली ती डिसेंबरात, आणि विमानतळावरून घरी येताना तिनं पहिला प्रश्न गाडीबद्दल नाही, स्पीडोमीटरबद्दल विचारला. त्या गाडीत काटा जागेवर स्थिर असायचा आणि आकडे लिहिलेलं उभं पिंप त्याच्यामागे फिरायचं, वजनकाट्यासारखं. “हे आपलं वजन दाखवतंय का?” असं तिनं विचारलं. तेव्हा ताशी ५० मैल चालू होतं. मी हो म्हणालो. हा विनोद तिला अजून आवडत नाही.

मुलगी १९७५ ची. लांबच्या प्रवासात ती मागच्या तळावर गोधडी टाकून सरळ झोपायची, कारण मधे उंचवटाच नाही. आज असं मूल झोपवलं तर दंड होईल, आणि व्हायलाच हवा. तेव्हा आम्हाला अक्कल नव्हती.

१९७७ च्या उन्हाळ्यात आई आली. आईनं अंगणात उभ्या टोरोनाडोला एक चक्कर मारली, पदर खोचला आणि म्हणाली, “एवढी लांब गाडी अन् दारं दोनच? मागच्यानं काय खिडकीतून उतराव का बाप्पा?” अगदी रास्त. दारं दोनच, पण एकेक दार एवढं लांब आणि जड की उघडताना दोन्ही हात लागत. गंमत म्हणजे आईची शंका बनवणाऱ्यांनाही आली असावी, कारण दाराला आतून दोन कड्या होत्या : एक पुढे बसणाऱ्याच्या हाताशी आणि एक मागे, मागच्या माणसाला पोचेल अशी. आईला ती दाखवल्यावर तिनं ती चार वेळा उघडून पाहिली.

मग ती पुढच्या सलग सीटवर आमच्या दोघांच्या मधे बसली. इथे रामटेकला जाताना काकांच्या अँबॅसिडरमध्ये मधे बसण्याची पाळी नेहमी तिच्यावर यायची. कुबडावर पाय, गुडघे हनुवटीला, मांडीवर डब्याची पिशवी. त्या दिवशी तिनं नऊवारीत पाय लांब केले, इकडे हलवले, तिकडे हलवले, आणि मला विचारलं, “याचं पोट कुठं गेलं?” इंजिनिअरिंगच्या मुलाखतीत मला याहून चांगला प्रश्न कोणी विचारलेला नाही.

त्याच उन्हाळ्यात आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून जीएमसीची मोटरहोम भाड्यानं घेतली. ही आणखी एक पुढून ओढणारी वस्तू. १९७३ ते १९७८ या काळात बनली, सव्वीस फुटी घरच म्हणा, आणि तिच्या नाकात टोरोनाडोचंच नंतरचं ४५५ घनइंची इंजिन नि तसाच साखळीचा गिअरबॉक्स. मागे शाफ्ट नाही, एक्सलचा गोळा नाही, म्हणून त्या घराची जमीन रस्त्याच्या इतकी जवळ की आई एका पायरीत आत. मिशिगनमधला मॅकिनॉचा पूल पाच मैलांचा आहे. तो ओलांडताना मागे पिठलं शिजत होतं. वारा एवढा की पातेलं एकीनं धरलं होतं आणि झाकण दुसरीनं.

प्रश्न : बर्फात या गाड्या खरंच चांगल्या चालतात की ही नुसती ख्याती? (निवृत्त एसटी चालक, काटोल)

चालतात. कारण सोपं आहे. जी चाकं ओढतात त्यांच्याच डोक्यावर इंजिनचा सगळा भार. टोरोनाडोचं सुमारे ६० टक्के वजन पुढे होतं. शेजाऱ्यांच्या मागून ढकलणाऱ्या गाड्या डिकीत वाळूची पोती घालून जिथे फुरफुरत बसायच्या, तिथून मी शिट्टी वाजवत निघायचो.

पण तुम्ही चालक आहात, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. मी गाडी शिकलो सेमिनरी हिल्सच्या उतारावर, अँबॅसिडरवर. घसरलं की पाय उचल, हे अंगात मुरलेलं. पहिल्याच हिवाळ्यात एका वळणावर बर्फ दिसलं आणि मी अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. नाक जड, मागचं अंग हलकं. नाक होतं तिथे राहिलं आणि शेपूट मला ओलांडून पुढे गेली. गाडी उलट्या तोंडानं बर्फाच्या ढिगात. चूक सर्वस्वी माझी. पुढून ओढणाऱ्या गाडीत पाय हळूहळू सैल करायचा, थोडी ओढ चालू ठेवायची आणि जिकडे जायचंय तिकडे चाक दाखवायचं. घाटात पावसाळ्यातसुद्धा हेच. तुमच्या एसटीला हे लागू नाही, ती मागूनच ढकलते.

ब्रेकचं मात्र कौतुक करत नाही. १९६६ च्या मॉडेलला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि एवढ्या वजनाला ते थोडे पडतात असं तेव्हाच्या परीक्षकांनीच लिहिलं होतं. पुढच्या वर्षीपासून जास्तीचे पैसे मोजले की पुढे डिस्क मिळू लागल्या.

प्रश्न : अमेरिकेतली पहिली पुढून ओढणारी गाडी हीच का?

नाही. वॉल्टर ख्रिस्ती नावाचा अमेरिकन १९०७ मध्ये अशी गाडी घेऊन फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत उतरला होता. विक्रीच्या गाड्यांत १९२९ ची कॉर्ड एल-२९, आणि मग १९३६ ची कॉर्ड ८१०, जिचं बोनट शवपेटीसारखं दिसतं म्हणून तिचं नावच तसं पडलं. हेडलाइट आत लपणारे, तेही हातानं फिरवून. १९३७ नंतर कॉर्ड संपली आणि त्यानंतर थेट १९६६. मधली जवळपास तीस वर्षं अमेरिकेत कोणी या वाटेला फिरकलं नाही. टोरोनाडोचेही हेडलाइट लपायचे. कॉर्डला केलेला नमस्कार असावा, असं मला वाटतं.

प्रश्न : कॅडिलॅक एल्डोराडोबद्दलही लिहा.

१९६७ पासून तीही पुढून ओढायची, टोरोनाडोचीच श्रीमंत बहीण. १९७० मध्ये तिचं इंजिन ८.२ लिटरचं झालं. मी एकदाच बसलो, मागे. गप्प बसून राहिलो.

प्रश्न : अॅव्हरेज किती द्यायची? (हा प्रश्न अकरा वाचकांनी विचारला आहे.)

नागपूरकर खरे! लिटरला साडेचार किलोमीटर, हात आखडून चालवली तर. १९७२ मध्ये हे कोणी विचारत नसे, कारण गॅलनला ४० सेंटसुद्धा पडत नव्हते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात भाव ५५ सेंटांच्या आसपास गेला. पंपांवर रांगा. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांच्या मर्यादेचा कायदा झाला. रांगेत इंजिन चालू ठेवलं तर मिळणारं पेट्रोल रांगेतच संपेल, असा माझा हिशेब निघाला. म्हणून मी इंजिन बंद करायचो आणि रांग हलली की सौ. आणि मी दोन टन ढकलायचो. तिच्या माहेरी हे मी कधी सांगितलं नाही. आता छापून येईल.

१९७९ मध्ये गाडी भंगारात गेली. पेट्रोलनं नाही, मिठानं. मिशिगनमध्ये रस्त्यांवरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. ज्या तळाचं मी इतकं कौतुक करतो तोच खाल्ला गेला. एकदा मुलीचा बूट त्यातून खाली पडला, तेव्हा निर्णय झाला. इंजिन त्या दिवशीही पहिल्या फटक्यात सुरू झालं होतं.

प्रश्न : टोरोनाडोनंतर कोणती गाडी? तिच्यासारखं प्रेम दुसरीवर बसलं का? (एक वाचक, उमरेड)

बसलं, आणि जरा जास्तच. १९८२ मध्ये वर्षभर वापरलेली प्लिमथ रिलायंट घेतली, स्टेशन वॅगन, चहाच्या रंगाची. क्रायस्लर तेव्हा बुडायला आली होती. सरकारनं १९७९ मध्ये कायदा करून तिच्या कर्जाला हमी दिली आणि तिचे प्रमुख ली आयकोका यांनी कंपनीची सगळी मदार या ‘के-कार’ गाड्यांवर टाकली. १९८३ मध्ये ती कर्जं फेडलीही, मुदतीच्या सात वर्षं आधी. रिलायंटचं इंजिन २.२ लिटर, चार सिलिंडर, आडवं, ८४ हॉर्सपॉवर. वजन टोरोनाडोच्या निम्म्याच्या आसपास. दिसायला म्हणाल तर बुटांचा खोका.

पण पुढे तिघं, मागे तिघं, आणि मागच्या जागेत दोन पेट्या, तबला-डग्गा आणि गणपतीची मखर. महाराष्ट्र मंडळाचा संसार तिनं तेरा वर्षं वाहिला. एकदा भर रस्त्यात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जमवणारा पट्टा, तुटला, कारण बदलायचा तो मी सहा महिने लांबणीवर टाकला होता. दुसऱ्या एखाद्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटून सगळं खलास झालं असतं. या इंजिनात तेवढी फट सोडलेली होती. नवा पट्टा, दुसऱ्या दिवशी कामावर. टोरोनाडोनं मला असं कधी माफ केलं नसतं. तिचा सगळेजण फोटो काढायचे. रिलायंटचा माझ्याकडे एकच फोटो आहे आणि त्यातही ती मुलीच्या सायकलच्या मागे अर्धीच दिसते.

१९८५ मध्ये सुटीवर आलो तेव्हा मेहुण्यांनी नवी मारुती ८०० दाखवायला कॉटन मार्केटजवळच्या त्यांच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रींची हयात फियाट आणि अँबॅसिडरमध्ये गेलेली. बोनट उघडून ते म्हणाले, “इंजिन आडवं काऊन झोपवलं?” मग गाडीखाली शिरले, बराच वेळ शिरले, आणि आतून आवाज आला, “मागं त काहीच नाही बाप्पा!” मला एकदम आई आठवली.

प्रश्न : माझ्या गाडीचं चाक पूर्ण वळवून यू टर्न घेताना पुढून कट-कट असा आवाज येतो. सरळ चालवताना येत नाही. (एक वाचक, मानेवाडा)

हाच तो कामाचा प्रश्न. घेतला एवढ्यासाठी, की १९६६ च्या टोरोनाडोचा आणि तुमच्या गाडीचा हा अवयव एकाच जातीचा आहे. पुढचं चाक वळतंही आणि ओढलंही जातं, म्हणून त्याच्या एक्सलला सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकलेला असतानाही एकसारखा फिरणारा सांधा, लागतो. बाहेरचा जॉइंट झिजला की नेमका असाच आवाज येतो. मोकळ्या जागी चाक एका बाजूला पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. सहसा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट जास्त ओरडतो. मग त्या चाकामागे वाकून रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं आवरण, पाहा. फाटलेला असेल आणि आसपास ग्रीस उडालेलं असेल. बूट फाटल्याबरोबर बदलला असता तर थोडक्यात भागलं असतं. धूळ आत गेली की जॉइंटच जातो. माझ्या टोरोनाडोला एका गॅरेजनं नवा बूट घातला आणि क्लिप आवळायची विसरले. महिन्याभरात मीही हाच आवाज ऐकत होतो. म्हणून काम झाल्यावर क्लिप स्वतः हातानं ओढून पाहा. मिस्त्री रागावले तरी चालेल.

प्रश्न : एखादी टोरोनाडो नागपुरात का आणत नाही?

धंतोलीतल्या आमच्या गल्लीत मी खडूनं आखून पाहिलं. गाडी वळते, पण समोरच्यांची तुळस जाते.

प्रश्न : मागे एका व्याख्यानात तुम्ही त्या साखळीबद्दल बोलला होता. ती प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळेल? (व्हीएनआयटीतल्या तीन विद्यार्थिनी)

माझ्याकडे. गाडी भंगारात गेली तेव्हा भंगारवाल्याला दहा डॉलर देऊन मी ती काढून घेतली. १९९५ मध्ये कायमचे परत आलो तेव्हा ती माझ्या साड्यांच्या पेटीत होती. म्हणजे पेटी सौ.ची, साखळी माझी. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलून विचारलं, कोणत्या यंत्राची? मी म्हणालो, मोटारीची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं आणि पेटी बंद केली. सौ.च्या दोन साड्यांना तेलाचे डाग पडले ते निघाले नाहीत.

या, आणि हातात घेऊन पाहा. काळसर पडली आहे, पण एकही पट्टी सैल नाही. संध्याकाळी पाचनंतर या, दुपारची झोप ही काही पुण्याचीच मक्तेदारी नाही. सध्या मे महिना आहे, खोलीत कूलर लावलेला असतो आणि त्याच्या वाऱ्यानं टेबलावरचं सगळं उडतं. तुमची ही सगळी पत्रं तिच्याखालीच ठेवली आहेत.